अर्बुदाची पेशी चालते कशी?
स्तनकर्करोगाच्या प्रसारामागील रेण्वीय नियंत्रण : वैद्यांच्या दृष्टीतून



स्तनात गाठ आढळली म्हणून आपणाकडे येणाऱ्या रुग्णांपैकी अनेकींचा पहिला प्रश्न औषधाचा नसतोच. ‘सुई टोचली की गाठ चाळवते आणि अंगभर पसरते म्हणतात, मग तपासणी न करता काही देता येईल का?’ असे त्या विचारतात. या प्रश्नामागे भीती आहे हे खरे, परंतु त्याच्या मुळाशी असलेले निरीक्षण अगदीच निराधार नाही. स्तनातील अर्बुद स्तनापुरते सीमित राहिले तर ते सहसा प्राणहारक होत नाही. प्राण जातो तो फुप्फुस, यकृत, अस्थी वा मस्तिष्क येथे त्याने ठाण मांडल्यामुळे. ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार दगावल्या. म्हणजे रोगाच्या घातकतेचे रहस्य पेशींच्या वाढीत जेवढे आहे, तेवढेच त्यांच्या चालण्यात आहे. हे चालणे कोण घडवून आणते, कोण आवरते, याविषयी गेल्या तीन-चार दशकांत झालेले संशोधन वैद्यांनी जाणून घेणे आवश्यक आहे असे आम्हांस वाटते. त्याशिवाय वरील प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देता येणार नाही.

आरंभीच शब्दांविषयी एक खुलासा. आपल्या ग्रंथांत ‘पेशी’ म्हणजे मांसपेशी, आणि सुश्रुताचार्यांनी त्यांची संख्या ५०० सांगितली आहे. येथे मात्र तो शब्द शालेय मराठीत रूढ झालेल्या ‘सेल’ या अर्थाने वापरला आहे. दुसरे असे की, दूरप्रसार म्हणजेच ‘मेटास्टॅसिस’ यास ‘अध्यर्बुद’ हा प्रतिशब्द देण्याची प्रथा आपल्या लेखांत व प्रबंधांत पडून गेली आहे. ती आम्हांस मान्य नाही. सुश्रुत निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अध्यर्बुदाचे जे वर्णन आहे ते पूर्वी उत्पन्न झालेल्या अर्बुदावरच पुन्हा उद्भवणाऱ्या अर्बुदाचे आहे. द्विरर्बुद म्हणजे एकाच वेळी वा क्रमाने उत्पन्न झालेली जोडी. स्तनातून निघून कशेरुकेत जाऊन बसणारी पेशी यांपैकी कशातही चपखल बसत नाही. शब्दाला शब्द जुळवून समाधान मानण्यापेक्षा, षट्क्रियाकालातील प्रसर आणि स्थानसंश्रय या दोन अवस्थांचा विचार येथे अधिक उपयोगी आहे. बांध फोडून निघालेल्या पाण्याचा दृष्टान्त प्रसरासाठी आला आहे. आणि ‘खवैगुण्य’ असेल तेथेच दोषांचा संग होऊन व्याधी उत्पन्न होतो, हा विचार स्थानसंश्रयाच्या मुळाशी आहे. अर्थात हाही दृष्टान्तच होय, पुरावा नव्हे.

गंमत अशी की, पाश्चात्त्य वैद्यकालाही हा स्थानाचा प्रश्न उशिराच सुचला. ‘मेटास्टॅसिस’ हा शब्द कर्करोगाच्या संदर्भात फ्रेंच वैद्य रेकामिए यांनी १८२९ मध्ये वापरला. पुढे १८८९ मध्ये लंडनचे शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनी स्तनकर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. रक्तप्रवाह सर्वत्र असूनही यकृतात गाठी विपुल आणि प्लीहेत विरळा, असे त्यांस दिसले. त्यावरून त्यांनी बीज आणि भूमी यांचा सिद्धान्त मांडला : वनस्पतीचे बी वाऱ्याने चहूकडे उडते, परंतु उगवते ते अनुकूल मातीतच. ऋतु-क्षेत्र-अम्बु-बीज हे गर्भोत्पत्तीचे चतुष्टय ज्यांना मुखोद्गत आहे, त्यांना हा विचार परका वाटू नये. मधल्या काळात जेम्स युइंग यांनी १९२८ मध्ये केवळ रक्तवाहिन्यांची रचनाच प्रसाराची दिशा ठरविते असे प्रतिपादिले आणि पॅजेट काही दशके मागे पडले. आयझाया फिडलर यांनी १९७० मध्ये किरणोत्सारी खूण केलेल्या अर्बुदपेशी उंदरांच्या रक्तात सोडून त्यांची मोजदाद केली. २४ तासांनंतर हजारांत एकाहूनही कमी पेशी जिवंत होत्या. ही संख्या वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. स्तनातील दुग्धवाहिनीच्या आतल्या बाजूस पेशींचा एक थर असतो, त्याबाहेर आकुंचन पावणाऱ्या पेशींचा दुसरा, आणि त्याहीबाहेर कोलॅजन व लॅमिनिन या प्रथिनांनी विणलेले पातळ आधारपटल. आतल्या थरातील पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. हे धरून ठेवण्याचे काम मुख्यत्वे ई-कॅडहेरिन हे प्रथिन करते. कॅल्शियमच्या साहाय्याने एका पेशीवरील ई-कॅडहेरिन शेजारणीवरील ई-कॅडहेरिनाशी हातात हात गुंफते, आणि पेशीच्या आत बीटा-कॅटेनिन इत्यादींच्या द्वारे ॲक्टिनच्या तंतूंशी जोडलेले राहते. या बंधनात पेशीला जागा सोडता येत नाही. जागा सोडलीच, तर आधार तुटल्याच्या संकेताने ती स्वतःच मरून जाते.

परंतु चालण्याची विद्या पेशीला मुळातच अवगत असते, हे विसरता कामा नये. गर्भावस्थेत पेशी स्थलांतर करतात, व्रणरोपणात करतात, आणि तारुण्यप्रवेशी व गर्भिणी अवस्थेत स्तनातील वाहिन्यांना शाखा फुटतात त्याही पेशींच्या अशाच सामूहिक सरकण्याने. कर्करोग नवी विद्या शिकत नाही. शरीराने ज्या विद्येला कुलूप लावून ठेवले होते, ती तो अवेळी उघडतो.

हे कुलूप उघडणाऱ्या किल्ल्या म्हणजे स्नेल, स्लग, ट्विस्ट आणि झेब ही नियंत्रक प्रथिने. स्नेल हे ई-कॅडहेरिनच्या जनुकावर बसून त्याचे वाचन थांबविते, असे २००० मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखविले. ट्विस्ट दाबून टाकल्यास उंदरातील स्तनार्बुदाचा फुप्फुसात होणारा प्रसार घटतो, हे रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने २००४ मध्ये प्रसिद्ध केले. उलट बाजूने मायक्रो-आरएनए २०० या कुळातील सूक्ष्म रेणू झेबला आवरून धरतात. या किल्ल्या फिरल्या की पेशी आपला चौकोनी, शिस्तबद्ध आकार सोडून लांबट होते, व्हिमेंटिन हे प्रथिन धारण करते आणि वाट काढू लागते. कित्येक वर्षे हीच प्रसाराची संपूर्ण कथा मानली गेली. बंधन सुटले की पेशी सुटली.

ती कथा अपुरी ठरली, आणि आमच्या मते या विषयातील सर्वांत उद्बोधक भाग हाच आहे. २०१९ मध्ये अँड्र्यू एवाल्ड यांच्या गटाने स्तनार्बुदाच्या निरनिराळ्या प्रतिकृतींमधून ई-कॅडहेरिन काढून टाकले. अपेक्षेप्रमाणे पेशी आजूबाजूस अधिक घुसल्या. परंतु दूरच्या अवयवांत त्यांच्या वसाहती वाढण्याऐवजी लक्षणीयरीत्या घटल्या. कारण सुटलेल्या पेशी वाटेतच मरू लागल्या. तत्पूर्वी २०१४ मध्ये असे दाखविले गेले होते की, रक्तात एकट्या फिरणाऱ्या पेशीपेक्षा पेशींच्या लहानशा पुंजक्याची वसाहत करण्याची क्षमता २३ ते ५० पट अधिक असते, आणि त्या पुंजक्याला बांधून ठेवणारे प्लॅकोग्लोबिन हेही जोडणीचेच प्रथिन आहे. म्हणजे अर्बुदपेशी बंधन तोडतात तशाच, हातात हात घालून टोळीनेही जातात. जे बंधन स्थानिक आक्रमण रोखते, तेच दूरच्या प्रवासात त्यांना तारते. एका प्रथिनाला ‘चांगले’ वा ‘वाईट’ म्हणता येत नाही. देश, काल आणि अवस्था पाहूनच त्याचे कर्म ठरते. द्रव्याच्या बाबतीत आपण हेच म्हणत आलो आहोत.

याच ठिकाणी एक व्यावहारिक मुद्दा. स्तनकर्करोगाचा ‘लोब्युलर’ नावाचा प्रकार ई-कॅडहेरिन गमावलेला असतो. त्याच्या पेशी एकामागे एक मुंग्यांच्या रांगेप्रमाणे ऊतींत शिरतात आणि पुष्कळदा टणक, गोल अशी गाठ तयारच करीत नाहीत. केवळ स्तनाचा एक भाग जाड लागणे, त्वचा आत ओढली जाणे, आकारात फरक पडणे एवढीच लक्षणे असू शकतात. मॅमोग्रामलाही हा प्रकार चकवितो. स्पर्शपरीक्षेत ‘गाठ नाही’ म्हणून रुग्णेस निश्चिंत करणे त्यामुळे धोक्याचे आहे.

प्रत्यक्ष चालण्याचे यंत्र कसे असते? ॲलन हॉल व ॲन रिडली यांनी १९९२ मध्ये केलेल्या प्रयोगांनी हे प्रथम उलगडले. रॅक हे प्रथिन जागे झाले की पेशीच्या पुढच्या कडेस पंख्यासारखा पातळ पापुद्रा फुटतो. ऱ्हो जागे झाले की आत ताणलेले जाड तंतू तयार होतात. पुढे सीडीसी-४२ हे तिसरे प्रथिन बारीक काट्यांसारखी टोके काढते, हेही १९९५ मध्ये स्पष्ट झाले. पापुद्र्याच्या आत ॲक्टिनचे तंतू झाडाच्या फांद्यांप्रमाणे वाढून पटलाला पुढे रेटतात. पुढे गेलेला भाग इंटिग्रिन या ग्राहीच्या द्वारे बाहेरील तंतूंना चिकटतो, मग ऱ्होच्या आज्ञेने मायोसिन आकुंचन पावते आणि मागचा भाग सुटून पुढे ओढला जातो. जळू चालताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना निराळे चित्र काढून दाखविण्याची गरज नाही. रॅक व ऱ्हो बहुधा एकमेकांना दाबून ठेवतात, आणि या झोक्यावरच पेशीची गती अवलंबून असते.

चालावयाचे तर वाटही हवी. आधारपटल आणि कोलॅजन कापण्यासाठी अर्बुदपेशी ‘इन्व्हॅडोपोडिया’ नामक सूक्ष्म पाय काढतात आणि त्यांच्या टोकाशी मेटॅलोप्रोटिनेज ही विकरे वापरतात. ही विकरे रोखली की प्रसार थांबेल, या आशेने १९९० च्या दशकात बॅटिमास्टॅट, मॅरिमास्टॅट ही औषधे आली. उंदरांत यश मिळाले. दूरप्रसार झालेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांवरील मॅरिमास्टॅटच्या चाचणीचा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, तो मात्र निराशाजनक होता : रोगाची प्रगती लांबली नाही, आणि सांधे व स्नायूंच्या वेदना मात्र वाढल्या. कारण काय? एक कारण २००३ मध्येच समोर आले होते. विकरे बंद केली तर पेशी वाट कापण्याचे सोडून देते, अमीबासारखी गोल होते आणि ऱ्होच्या बळावर अंग आक्रसून फटींतून निसटते. एक दार लावले, तिने दुसरे उघडले. एकच रेणू अडवून व्याधी जिंकण्याच्या कल्पनेला बसलेला हा मोठा धक्का होता, आणि तो आधुनिक संशोधकांनी स्वतःच जाहीरपणे मांडला, हे येथे आवर्जून नमूद करतो.

पेशीला चालण्याची प्रेरणा बाहेरूनही मिळते. महाभक्षी पेशी या एरवी शरीराच्या रक्षक. परंतु अर्बुदपेशी सीएसएफ-१ हा संकेत सोडून त्यांना जवळ बोलावतात, आणि त्या बदल्यात महाभक्षी ईजीएफ हा वृद्धिघटक सोडून अर्बुदपेशींना रक्तवाहिनीच्या दिशेने ओढून नेतात. न्यूयॉर्क येथील अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात पोलार्ड व काँडीलिस यांच्या गटांनी हे प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले. सीएसएफ-१ नसलेल्या उंदरांत स्तनार्बुद इतरांप्रमाणेच उत्पन्न झाले, परंतु त्याचा प्रसार मंदावला, हा त्यांचा २००१ चा निष्कर्ष. हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी तर १९८६ मध्येच अर्बुदास ‘न भरणारा व्रण’ म्हटले होते. दुष्टव्रण हाताळणाऱ्या वैद्यांना हा दृष्टिकोन समजावयास अडचण पडू नये.

रक्तात शिरलेली पेशी कोठे थांबेल? २००१ मध्ये असे आढळले की स्तनार्बुदाच्या पेशींवर सीएक्ससीआर-४ हा ग्राही मोठ्या प्रमाणावर असतो, आणि त्याला खेचणारा संकेतरेणू लसिकाग्रंथी, फुप्फुस, यकृत व अस्थिमज्जा येथे विपुल असतो. पॅजेटच्या ‘भूमी’ला रेणूचे नाव मिळाले. अस्थीत तर दुष्टचक्रच सुरू होते : अर्बुदपेशी अस्थिभक्षी पेशींना चेतवितात, त्या अस्थी पोखरतात, पोखरलेल्या अस्थीतून टीजीएफ-बीटा मुक्त होतो, आणि तो पुन्हा अर्बुदपेशींनाच पुष्ट करतो. हे चक्र तोडण्यासाठी झोलेड्रोनिक आम्ल किंवा डेनोसुमॅब दिले जाते. ही औषधे चालू असताना दात काढल्यास जबड्याचे हाड कुजण्याचा धोका असतो, म्हणून अशा रुग्णेच्या दंतशूलावर उपचार करताना पूर्वीचे कागद अवश्य पाहावेत.

आता सुईचा प्रश्न. सुई घातल्याने काही पेशी जागच्या हलतात का? हलतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुईने तपासणी करून नंतर शस्त्रक्रिया झालेल्या ३५२ अर्बुदांचे परीक्षण केले गेले, तेव्हा ३२ टक्क्यांमध्ये सुईच्या मार्गावर विस्थापित पेशी आढळल्या. परंतु पुढचे आकडे महत्त्वाचे आहेत. शस्त्रक्रिया १५ दिवसांच्या आत झाली असेल तर हे प्रमाण ४२ टक्के, आणि २८ दिवसांनंतर झाली असेल तर अवघे १५ टक्के होते. पेशी वाढत असत्या तर काळाबरोबर प्रमाण चढले असते. ते उतरले, याचा अर्थ विस्थापित पेशी बहुतांशी नष्ट होत होत्या. वर सांगितलेले सारे आठवावे. प्रसार साधावयाचा तर बंधन सोडणे, वाट काढणे, रक्तात तग धरणे, भूमी ओळखणे आणि तेथे रुजणे ही सर्व कर्मे पेशीला जमावी लागतात. सुईने ढकलली गेलेली पेशी यांपैकी एकही कर्म शिकत नाही. जी पेशी ती शिकली आहे, तिला सुईची गरज नसते. ती आपल्या पायांनी जाते, आणि तिला हवा असतो तो केवळ वेळ. हा वेळ अनिदानित गाठीवर लेप, स्वेदन वा मर्दन करीत बसल्याने तिला मिळतो. अर्बुद सशेष राहिल्यास उरलेल्या अग्नीप्रमाणे ते पुन्हा भडकून घात करते, असा इशारा सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानात दिलेला आहेच.

शस्त्रक्रियेच्या क्षणाविषयी मात्र एक शंका शास्त्रज्ञांना होती, आणि तिचे उत्तर आपल्या मुंबईतून मिळाले. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील ११ केंद्रांत १६०० स्त्रियांवर एक चाचणी झाली. शस्त्रक्रियेपूर्वी ७ ते १० मिनिटे अर्बुदाभोवती अर्धा टक्का लिडोकेन, म्हणजे दंतवैद्य वापरतात तेच बधिरीकरणाचे औषध, टोचण्यात आले. पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण लिडोकेन न दिलेल्यांत ८२.६ टक्के, तर दिलेल्यांत ८६.६ टक्के होते. हयात राहिलेल्यांचे अनुक्रमे ८६.४ व ९०.१ टक्के. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. लिडोकेन पेशीपटलातील सोडियमची द्वारे बंद करते, आणि अर्बुदपेशींच्या हालचालीत या द्वारांचा सहभाग असल्याचे प्रयोगशाळेत दिसले होते. परिणाम त्याच मार्गाने घडला असावा, हा संशोधकांचा तर्क आहे. हे औषध अत्यंत स्वस्त आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणीही सहज मिळते. आपल्या रुग्णेला शल्यवैद्याकडे पाठविताना या चाचणीचा उल्लेख चिठ्ठीत करण्यास काहीच हरकत नसावी.

‘मग आपल्या द्रव्यांचे काय?’ असा प्रश्न वाचक विचारतील. अश्वगंधेतील विथाफेरिन-ए हा घटक व्हिमेंटिनला बांधला जातो, आणि मारक नसलेल्या अल्प मात्रेतही उंदरातील स्तनार्बुदाचा प्रसार कमी करतो, असे २०११ मधील एका प्रयोगात आढळले. हरिद्रेतील कर्क्युमिनविषयी काचपात्रातील निष्कर्ष तर विपुल आहेत. परंतु मुखावाटे घेतलेले कर्क्युमिन रक्तात अत्यल्पच पोहोचते. या प्रयोगांत वापरलेला शुद्ध घटक आणि आपले अश्वगंधा चूर्ण या एकच वस्तू नव्हेत, उंदीर म्हणजे रुग्ण नव्हे, आणि मॅरिमास्टॅटची हकीकत वर दिलीच आहे. या बळावर ‘आमच्या औषधाने कॅन्सर पसरत नाही’ असे फलक लावणे हा आम्ही अनाचार समजतो. शिवाय अश्वगंधा व हरिद्रा यांच्या अर्कांमुळे यकृतास इजा झाल्याचे वृत्तान्त अलीकडे प्रसिद्ध झाले आहेत. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णेला काही द्यावयाचे झाल्यास तिच्या कर्करोगतज्ज्ञास कळवूनच द्यावे. अग्निमांद्य, मलावष्टंभ, निद्रानाश, दौर्बल्य या तक्रारींत आपले कार्यक्षेत्र मोठे आहे. ते प्रांजळपणे सांभाळावे.

शेवटी एका अवस्थेचा उल्लेख करावयाचा राहिला आहे, कारण ती वैद्यांच्या दारी हमखास येते. स्तनातून निघालेल्या काही पेशी अस्थिमज्जेत पोहोचून निद्रिस्त राहतात, आणि कित्येक वर्षांनी जागृत होतात. इस्ट्रोजेनग्राही असलेल्या स्तनकर्करोगाच्या सुमारे ६३ हजार स्त्रियांचा मागोवा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षे हॉर्मोनविरोधी उपचार पूर्ण करूनही पाचव्या ते विसाव्या वर्षापर्यंत रोगाचे पुनरागमन अखंड होत राहिले. विसाव्या वर्षापर्यंत दूरप्रसाराचा धोका मूळ अवस्थेनुसार १० ते ४१ टक्के होता. बारा-पंधरा वर्षांपूर्वी स्तनाची शस्त्रक्रिया झालेली स्त्री कटिशूल वा पृष्ठशूल घेऊन आली, वेदना रात्री वाढत असेल, विश्रांतीने शमत नसेल, तर कटिबस्ती, पृष्ठाभ्यंग किंवा मणक्यावर दाब देणारी कोणतीही क्रिया करण्यापूर्वी क्ष-किरण व आवश्यक तर एमआरआय तपासणी करून घ्यावी. पायांत बधिरता, चालताना तोल जाणे किंवा मूत्रप्रवृत्तीत अडथळा यांपैकी काहीही जोडीला असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता तिला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात धाडावे. मज्जारज्जूवर दाब येत असल्यास तासांनाही किंमत असते. प्रथम भेटीच्या केसपेपरात ‘पूर्वी स्तनाची शस्त्रक्रिया झाली आहे काय, कोणत्या वर्षी’ हा रकाना आम्ही छापून घेतला आहे. सभासदांनी तो आपापल्या केसपेपरात घालावा.